झोक्याची कडी हॅमॉकला चालेल का? घरात-अंगणात हॅमॉक बांधण्याची रीत

फाटकाच्या खांबाला चीर पडली तेव्हा आमचा हॅमॉक (दोन आधारांमध्ये टांगायचा कापडी बिछाना) बांधून जेमतेम चार दिवस झाले होते. एरंडोलच्या घरी अंगणात मोठा कडुनिंब आहे. एक टोक त्याला बांधलं. दुसऱ्या टोकाला काहीतरी हवं होतं आणि समोर फाटकाचा विटांचा खांब उभाच होता. दोर कपडे वाळत घालायच्या तारेसारखा ताठ ओढला, कारण मधे झोळ पडलेला हॅमॉक मला गबाळा वाटत होता. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली फुई (बाकीच्या महाराष्ट्राची आत्या) ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी आत बसून एक हेलकावा घेतला आणि ती म्हणाली, "हाऊ खांब हालस ना रे भो." (हा खांब हलतोय ना रे भाऊ.) मी हसण्यावारी नेलं. चौथ्या दिवशी बुडापासून वीतभर वर, सिमेंटच्या सांध्यातून, नख जाईल एवढी आडवी चीर आरपार गेलेली होती. त्याच दुपारी हॅमॉक सोडला.

नंतर वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. २०२० साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात दोन बहिणी हॅमॉकमध्ये असताना, ज्या विटांच्या खांबाला तो बांधला होता तो खांबच त्यांच्यावर कोसळला आणि दोघीही गेल्या. म्हणून यादीतली पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो. फाटकाचे खांब, कंपाउंडची भिंत, गच्चीचा कठडा, खिडकीची ग्रिल, दाराची चौकट, पत्र्याच्या शेडचे पाईप यांपैकी कशालाही हॅमॉक बांधायचा नाही. "आमचा खांब मजबूत आहे" असं वाटत असलं तरी नाही. हे खांब वरून येणारं वजन पेलायला बांधलेले असतात. बाजूने कुणी ओढेल याचा विचार बांधणाऱ्या गवंड्याने केलेलाच नसतो.

झोका खाली ओढतो, हॅमॉक आत ओढतो

आपल्या खानदेशात झोका कुणाला शिकवावा लागत नाही. आखाजीला गावोगाव निंबाच्या जाड फांद्यांना दोर पडतात, सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराईची गाणी होतात. जुन्या घरांत पडवीत बंगई (पाटाचा झोपाळा) असते, तिच्या लोखंडी कड्या सागवानी सरात (तुळईत) पिढ्यान्पिढ्या बसलेल्या असतात. त्यामुळे हॅमॉक हातात आला की आपल्याला वाटतं, हे काय नवीन? झोकाच तो, आडवा टाकलेला. माझी चूक नेमकी इथेच झाली.

झोक्याचा आणि बंगईचा दोर सरळ उभा असतो. ७५ किलोचा माणूस बसला तर दोन दोरांवर मिळून ७५ किलो येतात, प्रत्येकावर साडेसदतीस. हेलकावे घेतले की वाढतात, पण दिशा मुख्यतः खालचीच राहते. हॅमॉकचे दोन्ही दोर तिरपे असतात. ते वजन पेलतात आणि सोबत दोन्ही टोकांना एकमेकांकडे खेचतात. दोर जितका सपाट, तितकी ही आडवी ओढ जास्त.

आकडे बघा. माणूस ७५ किलोचा, हॅमॉकमध्ये नुसता शांत पडलेला. दोर जमिनीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक दोरावर बरोबर ७५ किलो ताण येतो. १५ अंशांवर तोच १४५ किलो. १० अंशांवर २१६. आणि मी ताणला होता तसा, ५ अंशांवर, ४३० किलो! म्हणजे माझ्या त्या विटांच्या खांबाला चार क्विंटलहून जास्त ओढ लागत होती, आणि मी त्यात वर हेलकावे घेत होतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर आठ कट्टे (पोती) गहू दोराला बांधून खांब आडवा ओढायचा. फुई बरोबर होती.

तेव्हा एवढं धरून चाला: कोन ३० अंश. थोडा जास्त झाला तर बिघडत नाही, कमी होऊ द्यायचा नाही. मधे झोळ पडलेला हॅमॉक गबाळा दिसतो हे खरं, पण त्यात झोपायलाही तोच चांगला असतो. ताणलेल्या हॅमॉकचे काठ खांद्यांना आवळतात आणि कूस बदलली की तो पालथा होतो.

अंतर आणि उंची कशी काढायची

मोठ्या माणसाचा हॅमॉक घेताना कापडाची लांबी बघा. ९ ते ११ फूट हवी. साडेसहा-सात फुटांचे पुष्कळ स्वस्त विकायला असतात. त्यात माणूस केळ्यासारखा वाकतो, आणि जळगावच्या माणसाने तरी उन्हाळ्यात असं केळं होऊ नये. दोन्ही टोकांना आडव्या लाकडी दांड्या असलेला हॅमॉक फोटोत छान पसरलेला दिसतो, पण तोच सगळ्यात सहज उलटतो. नवख्याने बिनदांडीचा घ्यावा.

दोन आधारांत १० ते १४ फूट अंतर असावं, १२ असेल तर उत्तम. बांधायची उंची काढायला एक ढोबळ हिशेब आहे: अंतराचे तीन दशांश घ्या आणि त्यात दीड फूट मिळवा. १२ फूट अंतर असेल तर ३.६ अधिक १.५, म्हणजे साधारण पाच फूट. १० फुटांना साडेचार, १४ फुटांना पावणेसहा. त्यातला दीड फूट म्हणजे बसल्यावर बूड जमिनीपासून जितकं वर राहावं तितकं, साध्या खुर्चीएवढं. त्याहून उंच टांगायचा मोह होतो, विशेषतः पोरांना. पण दीड फुटावरून पडलात तर खरचटतं, चार फुटांवरून पाठीवर पडलात तर दवाखाना. नवा दोर आणि नवं कापड वजनाने लांबतं, म्हणून पहिल्या वेळी हिशेबापेक्षा चार-सहा बोटं वर बांधा.

कोन मोजायला पोरांच्या कंपासपेटीतला गुण्या आणा, ३०-६० वाला. तोच ना, जो दहावीनंतर कुणी वापरत नाही. कुणाला तरी हॅमॉकमध्ये बसवा, गुण्याची लांबडी बाजू आडवी धरून ३० चा कोपरा जिथे दोर आधाराला लागतो त्याच्या रेषेत आणा, आणि एक डोळा मिटून बघा. दोर गुण्याच्या तिरप्या कडेला समांतर दिसला की झालं. गुण्या सापडला नाही तर अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी ताणा आणि तर्जनी आडवी ठेवा. तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जी तिरपी रेषा होते ती जवळपास ३० अंशांची असते.

झाड कोणतं

कडुनिंबासारखं दुसरं नाही. चिंच त्याहून चिवट, पण चिंचेखाली झोपू नये असं आमच्याकडे म्हणतात, त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांची परवानगी तुमची तुम्ही काढा. जुना आंबा चालतो. शेवग्याला कधीही नाही. त्याचं लाकूड इतकं ठिसूळ की शेंगा काढायला चढलेल्या माणसासकट फांदी येते. गुलमोहर आणि निलगिरी भक्कम दिसतात पण वाऱ्यात फांद्या टाकतात. पपई, केळी याबद्दल लिहायची गरज नसावी, तरी एका पाहुण्याने मला विचारलेलं आहे.

खोड छातीच्या उंचीवर निदान दोन फूट घेराचं हवं. दोरी गुंडाळून मोजा, नजरेचा अंदाज जास्तच सांगतो. हॅमॉक खोडाला बांधायचा, फांदीला नाही. इथे पुन्हा आखाजीची सवय आड येते, कारण झोका फांदीलाच असतो. मग झाडाभोवती एक फेरी मारा. बुडाशी भूछत्रं उगवली आहेत का, ढोली आहे का, साल सुटून आत भुसा दिसतो का, लाकडाच्या मुठीने ठोकल्यावर डबडब आवाज येतो का. आणि मान वर करा. ज्या जागी तुमचं डोकं येणार त्याच्या वर वाळलेली फांदी असेल तर आधी ती उतरवा. वरून किंवा बाजूने विजेची तार जात असेल तर ती जागा सोडूनच द्या.

झाडाला नुसता दोर गुंडाळू नका. वजन आलं की पातळ दोर सालीत रुततो, आणि सालीखालून झाडाचा अन्नरस वाहतो. चोहोबाजूंनी आवळलं तर हळूहळू झाड मरतं. दोन इंच रुंद पट्टा वापरा. धुळ्याला मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रकच्या सामानाच्या दुकानांत माल आवळायचे पॉलिस्टरचे बेल्ट मिळतात, ते यासाठी उत्तम. बेल्टवर शिवलेल्या चिठ्ठीवर किती किलोचा ते लिहिलेलं असतं. चिठ्ठी नसलेला बेल्ट घेऊ नका. काम झालं की पट्टा सोडून ठेवायचा, वर्षभर झाडालाच ठेवायचा नाही.

एकच झाड आहे, दुसरा खांब रोवायचा आहे

हीच बहुतेकांची अडचण असते, आणि आपल्याकडे तिला काळ्या जमिनीची जोड आहे. तापीकाठची काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच मातीच्या. तिच्यात दोन फुटांवर रोवलेला खांब पहिल्या वर्षी ताठ असतो, दुसऱ्या वर्षी सलाम करतो. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या, आणि मुरूम वर असला तरी साडेतीन फुटांपेक्षा कमी नको. रुंदी दोन फूट. पाईप चार इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी), मध्यम जाडीचा. पातळ पत्र्याचा चौकोनी पाईप दिसायला छान असतो, ओढ लागली की वाकतो. पाईप हॅमॉकच्या उलट दिशेला जरासा कलता ठेवा, म्हणजे वजन आल्यावर सरळ दिसेल. काँक्रीट एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी. आठवडाभर गोणपाट टाकून पाणी मारत राहा आणि तीन आठवडे त्याला हात लावू नका. उन्हाळ्यात इथे काँक्रीट दुपारपर्यंत वरून वाळतं आणि माणसाला वाटतं झालं. वाळणं आणि पक्कं होणं वेगळं.

भाड्याचं घर असेल तर या सगळ्या भानगडीत पडू नका. लोखंडी स्टँड घ्या. त्यात आडवी ओढ स्टँडच्या सांगाड्यातच जिरते, घराला काही लागत नाही. फक्त सपाट जमिनीवर ठेवा आणि त्यावर लिहिलेल्या वजनाच्या आत राहा.

घरात टांगायचा असेल तर

व्हरांड्यात मोकळे उभे असलेले आरसीसी कॉलम असतील तर तुमचं नशीब चांगलं. कॉलमभोवती पट्टा गुंडाळा, भोकं पाडायची गरजच नाही. फक्त कोपऱ्यांवर गोणपाटाची घडी ठेवा, काँक्रीटची धार पट्टा कापते.

खोलीत बांधायचं तर आधी कॉलम शोधायचा. अलीकडच्या घरांत भिंती नुसत्या भरावाच्या असतात, वजन कॉलम आणि बीमवर असतं. कॉलम सहसा खोलीच्या कोपऱ्यांत प्लास्टरखाली लपलेले असतात. घराचा नकाशा असेल तर काढा, नाहीतर ज्या गवंड्याने बांधलं त्याला विचारा. हॅमॉक खोलीत तिरका, कोपऱ्यातून कोपऱ्यात बांधला तर दोन्ही टोकांना कॉलम मिळायची शक्यता जास्त, आणि लांबीही मिळते.

खात्री ड्रिल देतो. ६ मिमीच्या बिटने आधी एक बारीक भोक पाडा आणि खाली कागद धरा. सुरुवातीला करडा मऊ भुगा पडतो, ते प्लास्टर, अर्धा-पाऊण इंच. त्यानंतर लाल भुगा आला तर वीट आहे, थांबा, भोक बुजवा, जागा बदला. पांढरट हलका भुगा आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखा गेला तर हलक्या ब्लॉकची भिंत आहे, तिला हॅमॉक अजिबात नको. करडा, खरखरीत भुगा, ड्रिल कुरकुरतो, हाताला धक्के बसतात आणि आत जायला वेळ लागतो, तो काँक्रीट. मधेच बिट एकदम अडून टणकन आवाज आला तर आत सळई आहे. जोर लावू नका, दोन इंच वर किंवा खाली सरका.

ड्रिल लावण्याआधी मेन स्विच बंद करा असं सांगितलं तर ड्रिल चालणार कसा, असं आमच्या घरी विचारलं गेलं. त्या खोलीचं सर्किट बंद करा आणि दुसऱ्या खोलीतून वायर आणा. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली कधीच भोक पाडू नका, वायरचा पाईप तिथूनच जातो.

कॉलमवर बसवायला मी वेल्डिंगवाल्याकडून सहा मिमी जाडीची लोखंडी पाटी करून घेतली. मधोमध दहा मिमी सळईची बंद कडी, वर एक आणि खाली एक भोक, त्यांत सहा इंच अंतर. एका बोल्टवर सगळा भरवसा ठेवण्यापेक्षा दोन बरे. बोल्ट १२ मिमी जाड, १०० मिमी लांब, काँक्रीटचे एक्स्पान्शन फास्टनर, म्हणजे आवळले की भोकात फुगून घट्ट बसणारे. भोक किती मिमीचं हे पाकिटावर लिहिलेलं असतं, त्याच मापाचा बिट घ्या. भोक कॉलमच्या मध्यरेषेवर, कडेपासून निदान चार इंच आत. कडेजवळ फास्टनर आवळला की कोपराच फुटून येतो. भोक पाडून झालं की आतली धूळ काढणं ही पायरी सगळे गाळतात. सायकलचा पंप घ्या, नळी आत घाला, तोंड बाजूला करा आणि चार-पाच फुंकरी मारा. धुळीत बसवलेला फास्टनर पहिल्या दिवशी घट्ट लागतो आणि महिन्याभरात फिरायला लागतो. मग पाटी, वॉशर, नट, आणि पान्याने आवळणं. आवळताना बोल्ट नटाबरोबर गरगर फिरत राहिला तर तो धरलेला नाही. ते भोक वाया गेलं समजा.

छताच्या पंख्याच्या हुकाला हॅमॉक बांधायचा नाही. तो पंख्यासाठी आहे. आणि हॅमॉक पंख्याच्या बरोबर खालीही नको, कारण पोरगं त्यात उभं राहतंच, तुम्ही कितीही सांगितलं तरी.

आणखी एक गोष्ट खास आपल्या इथली. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा माणूस हॅमॉक कूलरसमोर टांगतो, मीही टांगला. लोखंडी बॉडीचा कूलर, खाली सांडलेलं पाणी, आणि हॅमॉकमधून लोंबणारा घामेजलेला हात. अर्थिंग नीट नसेल तर हा सरळ शॉकचा मामला आहे. कूलरपासून एवढं लांब बांधा की पूर्ण हेलकाव्यातही हात-पाय पोचणार नाहीत.

जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरात सर आणि कड्या असतात, खांब सागवानी असतात. तिथे मोह फार होतो. बंगईच्या कडीने तीस वर्षं चार माणसं झेलली हे खरं, पण ती खाली ओढली जात होती. तीच कडी आडवी ओढली तर लाकडात तिरकी होऊन भोक मोठं करते. शिवाय धाब्यातला खांब बहुतेक वेळा दगडी तळखड्यावर नुसता उभा असतो, वरच्या मातीच्या वजनाने जागेवर दाबलेला. त्याला बाजूने ओढणं म्हणजे वरचं सगळं धाबं हलवणं. तिथे बंगईच बरी. हॅमॉक अंगणात न्या.

दोर, गाठी, कड्या

पोळ्याच्या आधी बाजारात बैलांच्या दाव्या-कासऱ्यांचे ढीग लागतात. तिथला निळा-पिवळा चकचकीत प्लास्टिकचा दोर स्वस्त असतो आणि हाताला मजबूत लागतो. हॅमॉकला तो नको. खानदेशच्या उन्हात तो एका हंगामात पांढुरका होतो, हाताला कुसळं टोचायला लागतात, आणि मग काही न सांगता तुटतो. नायलॉन मजबूत पण ताणतो, सकाळी दीड फुटावर असलेलं बूड संध्याकाळी जमिनीला टेकतं. काथ्या आणि सुती दोर पावसात आतून कुजतो. पॉलिस्टरचा १२ मिमीचा दोर घ्या. नवा असताना तो दोन टनांहून जास्त ओढ सोसतो. मग एवढा जाड कशाला? कारण गाठ मारली की दोराची ताकद जवळपास निम्मी होते, ऊन आणखी थोडी खातं, आणि धप्पकन बसलं की क्षणभर वजन दुप्पट होतं.

गाठीचं सांगतो. सुरगाठ नको, ती ओढल्यावर सुटण्यासाठीच असते. कडीभोवती दोराचे दोन पूर्ण वेढे घ्या. मोकळं टोक ताणलेल्या दोरावरून नेऊन खालून वर काढा आणि स्वतःच्याच फासातून ओढून घ्या, ही अर्धी गाठ. लगेच त्याच दिशेने दुसरी अर्धी गाठ. दोन्ही एकमेकींना चिकटून बसल्या पाहिजेत. वीतभर टोक शिल्लक ठेवा, कापून टाकू नका. पहिल्या काही दिवसांत ते टोक आखूड होताना दिसलं तर गाठ सरकते आहे.

दोरातून दोर ओवू नका. हेलकाव्यात दोर दोराला करवतीसारखा कापतो, नायलॉन तर घासून वितळतोही. मधे लोखंडी कडी, डी-शॅकल (बोल्टने बंद होणारी इंग्रजी डीसारखी कडी) किंवा स्क्रूचं कॅराबिनर (उघडझाप करता येणारी, स्क्रूने बंद होणारी कडी) घाला, ज्यावर किलो कोरलेले असतील असं. किल्ल्यांच्या जुडग्याचं रंगीत कॅराबिनर हे कॅराबिनर नव्हे. उघडा एस हुक घेऊ नका. हॅमॉक रिकामा असताना वाऱ्याने उचलला जातो, हुकातून अर्धा निघून बसतो, आणि पुढचा बसणारा जमिनीवर.

माणसाच्या आधी गहू

बांधून झालं की लगेच बसायचं नाही. झोपणाऱ्याच्या दीडपट वजन आधी टाका. ७५ किलोच्या माणसासाठी ५० किलोचे दोन कट्टे आणि एक भरलेला पाण्याचा डबा. हॅमॉकवर लिहिलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर तो हॅमॉकच तुमच्यासाठी नाही. पाटीच्या कडेने भिंतीवर पेन्सिलची रेघ मारा, झाडाला पट्ट्याच्या खाली खडूने खूण करा. रात्रभर ठेवा. खाली कुणी बसू नये, कुत्रंही नको. सकाळी बघा: रेघ आणि पाटी यांत फट पडली का, पट्टा खुणेखाली सरकला का, प्लास्टरला केसासारखी चीर आली का. यांतलं एकही दिसलं तर पुन्हा पहिल्यापासून.

बसणं, झोपणं आणि पोरं

हॅमॉककडे पाठ करा, दोन्ही हातांनी कापड बाजूंना फाकवा, बरोबर मधोमध आधी बसा. मग पाठ टेका, शेवटी पाय वर घ्या. उठताना उलट क्रम. पाय आधी आत टाकणारा हमखास पालथा होतो. झोपताना सरळ नाही, तिरपं पडा, डोकं एका काठाकडे आणि पाय विरुद्ध काठाकडे. कापड सपाट होतं, कंबर वाकत नाही. ज्यांच्या देशात हॅमॉक जन्मला, ते लोक असेच तिरपे झोपतात. कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांचा हा बिछाना कोलंबसाच्या खलाशांनी पाहिला आणि युरोपात नेला, 'हमाका' हा शब्दही त्यांचाच.

खाली फरशीची धार, ओट्याची पायरी, पाटा, कुंडी काही नको. डोक्याच्या आणि पायाच्या बाजूलाही तीन-तीन फूट मोकळं हवं.

तान्ह्या बाळाला हॅमॉकमध्ये एकटं झोपवू नये. कापडाच्या खोलीत मान पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. आपल्या साडीच्या झोळीलाही हेच लागू आहे, कितीही पोरं तिच्यात वाढली असली तरी. बाळाला सपाट, टणक गादीवर उताणं. मोठ्या मुलांना जाळीचा हॅमॉक देऊ नका, जाळीत मान अडकते. पीळ घालून गरगर फिरायला देऊ नका. एका वेळी एक जण. आणि घरात मोठं कुणी नसेल तेव्हा हॅमॉकचं एक टोक काढून वर टांगून ठेवा. पोरांना नुसतं "बसू नको" सांगण्यात काही अर्थ नाही.

ऊन, वावधन, उंदीर

दर रविवारी दोन मिनिटं द्या. दोर बोटांतून सरकवत न्या: कुठे चपटा झालाय का, कुसळं येतात का, रंग उडालाय का. कडी जिथे कडीवर घासते तिथे लोखंड झिजून खाच पडते, ती नखाने लागते. एक चतुर्थांश झिजली की बदला. अंगणातला हॅमॉक दुपारी काढून सावलीत ठेवला तर दुप्पट टिकतो. तसंही एप्रिलच्या दुपारी दोन वाजता अंगणात झोपणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मृगाच्या आधी संध्याकाळी वावधन सुटतं, धुळीने समोरचं घर दिसत नाही. वारा उठताना दिसला की हॅमॉकमधून उतरा आणि झाडाखालून निघा. कडुनिंब कितीही भला असला तरी त्या वाऱ्यात फांदी टाकतो, आणि वीज कडाडत असताना झाडाला बांधलेल्या बिछान्यात पडून राहणं हा शहाणपणा नाही.

पावसाळा लागला की सगळं उतरवा. कापड साध्या साबणाने धुऊन उन्हात नाही, वाऱ्यावर वाळवा. कडी-बोल्टना थोडं ग्रीस. पहिल्या वर्षी मी घडी घालून धान्याच्या कोठीजवळ ठेवला होता, आणि दिवाळीला उघडला तर उंदरांनी बरोबर मधोमध, पाठ टेकते तिथे, ताटलीएवढं भोक पाडलेलं. आता तो डब्यात असतो, घट्ट झाकणाच्या. दोर मात्र दर आखाजीला नवा घेतो. फाटकाचा खांब गवंड्याने पाडून पुन्हा बांधला, त्याला आता फक्त फाटक आहे.